भरीच्या फळीवरची गल्ली

माझी वहिनी दिवसभर झाडं बनवते आणि सकाळ-संध्याकाळ एका झाडाला शिव्या देते. यात तिला काही वावगं वाटत नाही. मला वाटायचं, म्हणून एकदा तिला तसं बोललो, तर म्हणाली, "भावोजी, तुम्ही दिवसभर बिल्डिंगा करता. म्हणून काय घरी येऊन भिंतींचे मुके घेता?"

आमच्या घरात वहिनीपुढे गप्प बसण्याचं काम मी आणि दादा वाटून घेतो. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली करून आलेला माणूस घरी आल्यावर कुणाचीच बाजू घेत नाही.

शिव्या खाणारं ते झाड आमच्या दारासमोर, गल्लीच्या तोंडाशी उभं आहे. जाडजूड, कमरेत वाकलेलं, वयाचा पत्ता नाही. निम्मं वर्ष पानं गाळतं आणि उरलेलं निम्मं वर्ष शेंगा. वाळलेल्या शेंगा आमच्या पत्र्यावर ताडकन पडतात, त्याही नेमक्या माझा डोळा लागला की. धुणं वाळत घातलं की कावळे येऊन त्यावर सही करून जातात. मग वहिनी खराटा उगारून बाहेर येते. "मेल्या, आत्ता झाडलं होतं ना? जरा म्हणून दम निघत नाही तुला? दुसऱ्यांची दारं नाहीत का, तिथे जाऊन गळ की!" ते झाड यावर आणखी एक पान टाकतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बागखात्यात वहिनी सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती फाटकातून आत येताना दिसली की तिथले साहेब मागच्या दाराने चहाला जातात. "झाड छाटा, नाहीतर मी तोडते," असं ती वर्षानुवर्षं सांगत आली आहे. छाटायला कुणी आलं नाही आणि हिनेही तोडलं नाही.

आता आमच्या कामाबद्दल. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही शहरं बनवतो. कुणाला टॉवर बांधायचा असो, पूल बांधायचा असो, तो आधी आमच्याकडे पुठ्ठ्याचा, हातभर उंचीचा होतो. लोकांना दाखवायला, मंजुरी घ्यायला. मी इमारती कापतो. माझी रेषा सरळ असते. मी तापट आहे असं घरात म्हणतात. मी तापट वगैरे नाही. लोक वाकडं कापतात, त्याला मी काय करू?

पूर्वी झाडं करणारा एक जण होता, तो काम सोडून गेला आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्याभरासाठी म्हणून मी वहिनीला घेऊन गेलो. तिने त्याची उरलेली झाडं बघितली. काडीवर स्पंजचा गोळा, की झालं झाड. "ही काय झाडं? शाळेची रांग वाटतेय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरून पिशवीभर केर घेऊन आली. दारातल्या झाडाच्या काटक्याच त्या, सकाळी शिव्या देत झाडलेल्या. एकेक काटकी निवडली, गोंदात बुडवली, रंगवलेल्या स्पंजच्या चुऱ्यात फिरवली आणि मालकांच्या हातावर ठेवली. मालक बराच वेळ त्या काटकीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने पंखा बंद केला. आमच्याकडे पंखा लावला की सगळं जंगल उडतं. आठवडा कधीच संपला, वहिनी अजून आहे. गेल्या कित्येक वर्षांत या शहराचं भविष्य म्हणून जे काही लोकांना दाखवलं गेलं, त्यातलं झाडन् झाड आमच्या दारातल्या केराचं आहे. पण हे तिला ऐकवायची सोय नाही. "कचरा आहे तो. फुकट जाऊ नये म्हणून आणते," म्हणते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. इमारतीचा सांधा नीट बसला नाही, गोंदाचा डाग दिसला, तर तिथे झाड लावायचं. ज्या मॉडेलवर झाडं जास्त, तिथे इमारतीवाल्याने जास्त घाण केलेली असते. वहिनी माझ्या इमारतींवरून बोट फिरवते आणि मोठ्याने ओरडते, "इथे झाड लागेल! इथे पण लागेल! भावोजी, आज काय जंगलच करायचंय का?" सगळा कारखाना हसतो. माझं डोकं फिरतं.

आणि गोंदाची नळी! इमारतींना दोन नळ्यांचा गोंद लागतो. दोन्ही सारख्या घेऊन कालवायच्या, मग जे चिकटेल ते जन्मात सुटत नाही. मी नळी मधोमध दाबतो. वहिनी म्हणते नळी शेपटाकडून गुंडाळत यायची. "मधून दाबलेली नळी बघितली की माणूस कळतो," असं ती ज्या सुरात म्हणते, तो सूर मला आवडत नाही. तिला तर तो गोंद लागतही नाही, झाडांना साधा पांढरा पुरतो.

तिची अजून एक खोड सांगतो, ती पुढे लागणार आहे. मॉडेल पुरं झालं की ही गुडघ्यावर बसते, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवते, एक डोळा मिटते आणि गल्लीबोळातून हिंडून येते. मला म्हणते, "वरून काय बघायचं? वरून कावळा बघतो." साहेबलोक मात्र कधी वाकत नाहीत. ते उभे राहून, हात मागे बांधून बघतात आणि मान डोलावतात. मॉडेलवर उभी करायची माणसंही त्यांच्याकडून येतात. पांढरी, सडपातळ, एकाच्या हातात कुत्रा, एकाच्या हातात फुगा. वहिनी ती माणसं चिमट्याने चिकटवता चिकटवता पुटपुटते, "भविष्यात कुणाच्या हातात पिशवी नाही, कुणाची कंबर धरलेली नाही. बरंय बाई."

आता भरीची फळी. मोठ्या बोर्डावर आजूबाजूचं शहर असतं आणि मधे एक चौकोनी खड्डा. जो प्रस्ताव असेल तो वेगळ्या ताटावर बनवायचा आणि खड्ड्यात बसवायचा. आम्ही त्याला ताटच म्हणतो, कारण ते दोन्ही हातांनी धरून आणावं लागतं. पण बोर्ड वाळताना आक्रसतो आणि खड्डा वेडावाकडा होतो. म्हणून वाळेपर्यंत त्यात त्याच मापाची एक फळी भरून ठेवायची. ती भरीची फळी. ती प्रदर्शनाआधी निघते आणि केरात जाते. कुणी बघत नाही, म्हणून वहिनीने ती आपल्या मालकीची करून टाकली होती. आधी त्यावर रंग तपासायची, मग हळूहळू धीट झाली. एका फळीवर मालक पळताहेत आणि त्यांची टोपी पुढे उडते आहे. एकीवर बागखात्याचं ऑफिस, आणि मागच्या दाराने लगबगीने निघालेले साहेब. एकीवर मी, सरळ रेषेत झोपलेला. मालक ओरडायचे आणि मग ती फळी उचलून आपल्या कपाटावर ठेवायचे.

तर, महानगरपालिकेने स्पर्धा लावली. आमच्या वस्तीमागून एक ओढा वाहतो. वाहतो म्हणजे, असतो. त्या ओढ्याकाठचा सगळा भाग नव्याने उभा करायचा होता. शेवटी दोन प्रस्ताव उरले आणि दोन्हींची ताटं आमच्याकडेच आली. मालकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिले आले ते उंचसाहेब. हे नाव वहिनीने ठेवलं. उंची बेताचीच होती, पण बोलताना त्यांचा हात सारखा वर जायचा. त्यांचं म्हणणं, माणसं वर न्या, जमीन मोकळी करा. काचेचे टॉवर, आणि प्रत्येक मजल्याच्या सज्जात झाडं. आकाशातलं जंगल. माणूस वाईट नव्हता. लहानपणी सात जण एका खोलीत झोपायचे, त्यातले ते एक. सगळ्यांना उजेड आणि वारा मिळावा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"साहेब, वरच्या झाडाचं पान गळलं तर कुठे पडेल?" वहिनीने विचारलं.

"आम्ही न गळणारी जात लावणार आहोत."

"आणि पक्षी? ते पण न करणाऱ्या जातीचे?"

मालकांना मोठा खोकला आला. मी वहिनीच्या पायावर पाय दिला. तिने माझ्या पायावर दिला. तिचा जड असतो.

मग आल्या रानबाई. पायात चिखलाचे बूट, खांद्याला झोळी, डोळे कायम पाणावलेले. त्यांचं म्हणणं, ओढ्याची जागा ओढ्याला परत द्या. घरं हलवा, भिंती काढा आणि मग कुणी कशालाही हात लावू नका. वीस वर्षांत तिथे रान होईल. लोकांनी उंच लाकडी पुलावरून चालत ते बघायचं, पण खाली उतरायचं नाही. बोलता बोलता बाई खरंच रडल्या. ओढ्याचं पाणी बघून आल्या होत्या. मलाही जरा कसंतरी झालं, कारण त्या पाण्यात आमच्या वस्तीचं काय काय जातं ते मला माहीत आहे.

वहिनीने त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "म्हणजे प्राण्यांची बागच. फक्त पिंजऱ्यात आपण."

रानबाई रडता रडता थांबल्या. "तसं नाही हो," म्हणाल्या. मग झोळीत रुमाल शोधायला लागल्या.

बोर्डावर खड्डा आखायला मी नकाशा पसरला तेव्हा मला दिसलं. आमची गल्ली खड्ड्यात येत होती. अख्खी. म्हणजे यातलं कुठलंही ताट बसलं तरी आमचं घर जाणार, शेजारपाजार जाणार. प्रदर्शनाच्या दिवशी महापौरबाई दोन्हींतलं एक निवडणार आणि पुढच्या वर्षी घरं रिकामी करायची. मी बारीक पात्याची करवत घेतली आणि स्वतःचं घर स्वतःच्या हाताने कापून काढलं. कड फार सफाईदार आली.

खरं सांगतो, मला आनंद झाला होता. उंचसाहेबांचं ताट बसलं तर आम्हाला वरच्या मजल्यावर घर मिळणार होतं. सरळ भिंती, काटकोनातले कोपरे, पत्रा नाही, शेंगा नाहीत! मी त्या संध्याकाळी घरी जवळजवळ पळतच गेलो.

"वहिनी, पेढे वाटा. तुमचं झाड जाणार!"

ती कपडे घडी करत होती. घडी करत राहिली. "कुठे जाणार?"

"कुठे म्हणजे? तोडणार. उंचसाहेब त्याच्या बदल्यात दहा लावणार आहेत, वर सज्जात."

"आणि त्या रडक्या बाईंचं काय म्हणणं?"

"त्यांचं आलं तर झाड राहील. आपण जाणार. शहराच्या टोकाला घरं देतील."

"म्हणजे ते इथे एकटंच राहणार?"

"एकटं कसलं? रान होणार म्हणतात ना!"

पत्र्यावर शेंग पडली. मी वाट बघितली. दादाने पण पेपर खाली केला. वहिनी उठली नाही, खराटा घेतला नाही, एक शिवी दिली नाही. दादा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी लिफ्टची तार कापलीय.

दुसऱ्या दिवशी वहिनीने भरीची फळी आपल्या टेबलावर ओढली. "भावोजी, आपली गल्ली कापून द्या."

"कशाला? फेकायचीच आहे ती."

"मी फेकेन. तुम्ही कापा."

मी उरलेल्या पुठ्ठ्यातून घरं कापली. तिने हातात घेतली आणि परत दिली. "ही सरळ आहेत. आपलं घर डावीकडे कललंय." म्हटलं, मी वाकडं कापत नाही. "कापता की, फक्त मुद्दाम कापत नाही." मी चिडून एक भिंत वाकडी कापली. काय सांगू, हुबेहूब आमचं घर दिसायला लागलं. मग मला थांबवेना. शिंप्याच्या दुकानाची फळी, जिन्याची तुटकी पायरी, पाण्याची टाकी, तिच्यावरचं फुटकं झाकण. जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून शेजारच्यांची आडवी लावलेली स्कूटर कोरत बसलो होतो. उंचसाहेबांचे टॉवर माझ्यामागे अर्धवट उभे होते.

वहिनीने मग दोऱ्या बांधल्या, त्यावर कागदाचं धुणं घातलं. चुकूनही पांढरी माणसं घेतली नाहीत. तारेची माणसं वळली, पिशवीवाली, पोटवाली, कंबर धरलेली. घरापुढे स्वतःला उभं केलं, केसांचा अंबाडा, बारीक तारेचा चष्मा, हातात खराटा, तोंड उघडं. आणि गल्लीच्या तोंडाशी ते झाड. काटकी त्याचीच, तसाच बाक असलेली निवडलेली. वर गच्च पानं. खाली, शपथेवर सांगतो, तिने खऱ्या शेंगेची पूड करून टाकली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही बोर्ड सभागृहात नेऊन ठेवला, भरीच्या फळीसकट. प्रवासात खड्डा दबू नये म्हणून ती शेवटपर्यंत ठेवतात. वर कापड टाकलं. सकाळी लवकर जाऊन मालक फळी काढणार, महापौरबाई आल्या की दोन्ही ताटं आळीपाळीने बसवून दाखवणार, असं ठरलं होतं.

सकाळी मालकांनी फळीला हात घातला. फळी निघेना.

त्यांनी पातं घातलं. पातं मोडलं. मी खालून हलकेच ठोकलं, तर सगळं शहर हादरलं आणि घंटाघराचा मनोरा आडवा झाला. "फुगली असेल," मालक म्हणाले. मी कडेला नख लावून बघितलं. फुगली नव्हती. हा दोन नळ्यांचा गोंद होता, चारही बाजूंनी, एकसारखा, एक थेंब बाहेर न येता लावलेला. मी वहिनीकडे बघितलं. ती आडव्या झालेल्या घंटाघराला फार प्रेमाने उभं करत होती.

तेवढ्यात दार उघडलं. महापौरबाई, कॅमेरेवाले आणि त्यांच्यामागून आमची गल्ली. अख्खी! वहिनीने घरोघरी जाऊन सांगितलं होतं, "या बघायला, चहा फुकट आहे." उंचसाहेब एका बाजूने आपलं ताट दोन्ही हातांत धरून आले, रानबाई दुसऱ्या बाजूने आपलं. मालक काही बोलणार, तोच महापौरबाईंनी हौसेने स्वतःच कापड ओढलं.

पहिला शिंपी ओरडला, "अरे, माझं दुकान!"

"ही माझी पिवळी चादर! अगं बाई, डागासकट आहे!"

"हा मी. हे पोट माझंच आहे ना?"

"आणि ही तुमची स्कूटर! बघा, बघा, सगळ्या शहराने बघा कशी आडवी लावता ते!"

"तुमचा जिना रस्त्यात आलाय त्याचं काय?"

महापौरबाईंच्या समोर त्यांचं जुंपलं. लोक टेबलाभोवती दाटले, वाकले, बोटं दाखवायला लागले. खराटेवाली बाई कोण, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. सगळी गल्ली वहिनीकडे बघून हसत होती. उंचसाहेब आणि रानबाई आपापली ताटं धरून उभे होते. जेवणावळ उठून गेल्यावर वाढायला आल्यासारखे. त्यांचे हात दुखायला लागले असणार, पण ठेवायला जागा नव्हती.

"हा तिसरा प्रस्ताव कुणाचा?" महापौरबाईंनी विचारलं.

मालकांनी कपाळ पुसलं. वहिनी पुढे झाली. "प्रस्ताव नाही बाई. हे आहे."

"आहे म्हणजे?"

"आहे म्हणजे आहे. आम्ही राहतो इथे."

महापौरबाईंनी चष्मा लावला. "बरं, मग तुम्हाला काय हवंय? घरं हवीत, की झाड हवंय?"

"झाड?" वहिनीने हात झटकला. "वीट आलाय मला त्याचा! विचारा तुमच्या बागखात्याला." कोपऱ्यातले बागखात्याचे साहेब दाराकडे सरकले. "पण हे साहेब म्हणतात, माणसं ठेवू, झाड नको. या बाई म्हणतात, झाड ठेवू, माणसं नकोत. दोघंही भले आहेत, मी वाईट म्हणत नाही. पण आमचं भांडण आहे ते, त्याचं नि माझं. तुम्ही मधे पडून मोडता कशाला? मला ते तिथेच हवंय आणि मीही तिथेच हवीय." इथे तिचा आवाज चिरकला. मी तो असा कधी ऐकला नव्हता. "मला भीती वाटते हो. कुठल्यातरी चकाचक घरात सकाळी उठेन, खराटा हातात घेईन आणि झाडायला काही नसेल. ओरडायला कुणी नसेल. मग मी कोण?"

सभागृहात स्कूटरवाल्याचं भांडणही थांबलं. दादा मागे भिंतीशी उभा होता. कधी कुणाची बाजू न घेणारा माझा भाऊ मोठ्याने म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

कॅमेरे वळले. महापौरबाई हुशार बाई. भर लोकांत कुणाचं तरी घर पटाशीने उचकटताना आपला फोटो येणार, हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी मालकांना विचारलं, "ही फळी निघत नाही म्हणता?"

"नाही बाई. सगळा बोर्ड फुटेल."

"मग राहू दे." त्या दोघा ताटवाल्यांकडे वळल्या. "गल्ली आणि झाड हलवायचं नाही. त्याच्या आजूबाजूला काय करता येईल ते घेऊन या. ओढा आधी साफ करा. आणि हो, ताटं खाली ठेवा आता, हात भरून आले असतील."

रानबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. उंचसाहेब रागावले होते, साहजिक आहे. पण जाता जाता टेबलाशी थांबले, बोर्डाकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "यातल्या कुठल्या खोलीत सात जण झोपतात?" मी दाखवली. त्यांनी मान डोलावली नाही. पहिल्यांदाच ते थोडे वाकले.

बोर्ड दुरुस्तीला आमच्याकडे परत आला. मालक आठवडाभर वहिनीशी बोलले नाहीत, मग नवी कामं यायला लागली तसे बोलायला लागले. मी माझ्या खणात गोंदाच्या नळ्या शोधल्या. दोन्ही रिकाम्या होत्या. शेपटाकडून अगदी नीट गुंडाळत आणलेल्या.

नळ्या घेऊन मी तिला विचारायला गेलो, पण ती जेवायला बाहेर गेली होती. बोर्ड समोर होता. का कोण जाणे, मी गुडघ्यावर बसलो, हनुवटी कडेला टेकवली, एक डोळा मिटला आणि आमच्या गल्लीत शिरलो. शिंप्याचं दुकान, स्कूटर, पिवळी चादर. खराटा घेतलेली वहिनी, तोंड उघडं. तिच्या बाजूने पुढे गेलो तर झाड आलं. वरून बघितलं तर नुसती पानं दिसतात, इतकी गच्च की सभागृहात कुणाला काही दिसलं नाही, मला पण नाही.

पानांखाली, बुंध्याला पाठ टेकून, एक बाई बसली होती. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मान मागे बुंध्यावर. केस तेच, चष्मा तोच.

एका मॉडेलवर एक माणूस दोनदा करायचा नसतो. धंद्याचा साधा नियम आहे. मी बराच वेळ तसाच वाकून बसलो असणार, कारण गुडघे दुखायला लागले आणि मागून आवाज आला.

"काय शोधताय, भावोजी?"

"वहिनी, तुम्ही इथे दोनदा आहात."

जवळ येऊन तिने बोटाने पानांचा एक झुपका थोडा खाली दाबला, आणखी गच्च केला.

"वरून दिसते का?"

"नाही."

"मग झालं," ती म्हणाली. "उठा आता. आणि नवीन नळ्या आणल्यात त्या मधून दाबू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्यावर शेंग पडली आणि मी दचकून जागा झालो. बाहेर खराट्याचा आवाज येत होता. "मेल्या," वहिनी म्हणत होती, "लोकांपुढे तुझी बाजू काय घेतली, लगेच डोक्यावर बसलास?"